कलेचे विद्यार्थी व पुणेकरांचें कर्तव्य

शैक्षणिक वर्ष सरत आलें म्हणजे आमच्या शहरांतील कलाविद्यालयांत वार्षिक प्रदर्शनें भरतात. भिंतींवर तैलचित्रें, जलरंगांत काढलेलीं जुन्या पेठांचीं दृश्यें, जाहिरातींचे नमुने, मातीचे व प्लास्टरचे पुतळे मांडलेले असतात. विद्यार्थ्यांचे आईबाप गांवाहून येतात, शिक्षक समाधानानें फिरतात. आणि चार दिवसांनीं खिळे उपटून चित्रें ज्याच्या त्याच्या हवालीं केलीं जातात. तीं पुढें कोठें जातात? पुष्कळशीं वसतिगृहांतील खाटेखालीं, कांहीं गांवच्या घराच्या माळ्यावर. परंतु तीं काढणारे विद्यार्थी पुढें कोठें जातात, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे, आणि तो आमच्या शहरांत मोठ्यानें कोणी विचारीत नाहीं. तो आज विचारण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ज्या घरांतील एकाही मुलानें शाळेंत असतांना एलिमेंटरी किंवा इंटरमिजिएट ही चित्रकलेची सरकारी परीक्षा दिली नाहीं, असें पांढरपेशें घर महाराष्ट्रांत विरळाच. त्या परीक्षेंत उत्तम श्रेणी मिळाली म्हणजे पेढे वांटले जातात. परंतु तोच मुलगा किंवा तीच मुलगी 'मला हेंच पुढें शिकावयाचें आहे' असें म्हणूं लागली कीं घरांत सुतक पडल्यासारखें होतें. 'चित्रें काढून पोट कसें भरेल?' हा बापाचा प्रश्न असतो. ह्या प्रश्नाची थट्टा करण्याची आमची इच्छा नाहीं. तो प्रामाणिक प्रश्न आहे. दोष इतकाच कीं, ज्यांच्याकडे त्याचें उत्तर असावयास पाहिजे ते गप्प बसतात. विद्यालय म्हणतें, आम्ही शिकवूं, पुढचें त्याचें तो पाहील. व्यापारी म्हणतो, आम्हांस माणूस हवा असेल तेव्हां आम्ही शोधूं. विद्यार्थ्यास तर दोनच वाटा ठाऊक असतात: एक, मुंबईस जहांगीर कलादालनांत आपलें प्रदर्शन भरेल म्हणून वर्षानुवर्षें वाट पाहणें, दुसरी, शाळेंत चित्रकला-शिक्षकाची जागा निघेल म्हणून वाट पाहणें. ह्या दोन वाटांमधील जें विस्तीर्ण रान आहे, तें त्यास कोणीं दाखविलेलेंच नसतें.

आमच्या मतें कलेच्या विद्यार्थ्यांस दोन गोष्टींची उणीव आहे: दिशेची आणि ओळखीची. वरवर पाहतां ह्या दोन गोष्टी निराळ्या वाटतात, परंतु खोल विचार केल्यास त्या एकच आहेत. आपण कशासाठीं जन्मलों हें एकांतांत डोळे मिटून कोणास कळत नाहीं. छापखान्यांत उभें राहिल्यावर एखाद्यास कळतें कीं, आपला जीव अक्षरांत आहे. मूर्तिकाराच्या कारखान्यांत माती मळल्यावर दुसऱ्यास कळतें कीं, रंगापेक्षां आपले हात गोलाईंत रमतात. जुन्या वाड्याच्या भिंतीवरील पुसट चित्र साफ करतांना तिसरीस कळतें कीं, नवें काढण्यापेक्षां जुनें राखणें हेंच आपलें काम. काम पाहिल्याशिवाय दिशा नाहीं, आंत पाऊल टाकल्याशिवाय काम दिसत नाहीं, आणि ओळखीवांचून आंत पाऊल टाकतां येत नाहीं.

आतां ही ओळख आमच्या शहरांत कशी मिळते, तें स्पष्ट बोलावें लागेल. ती नात्यांतून मिळते, जातींतून मिळते, पेठेंतून मिळते, शाळूसोबत्यांच्या बापांकडून मिळते. छापखानदाराच्या भाच्यास छापखान्याचें दार आपोआप उघडतें. सराफाच्या शेजाऱ्याच्या मुलीस दागिन्यांचे नमुने काढावयास मिळतात. परंतु सोलापूर, बीड, सातारा इकडील खेड्यांतून आलेला, शेतकऱ्याचा किंवा मजुराचा मुलगा, ज्याची रेघ कदाचित् ह्या दोघांहून सरस असेल, तो लक्ष्मी रस्त्यावरून शंभर वेळां जातो-येतो आणि त्यास एकाही दुकानाची पायरी चढण्याचें धैर्य होत नाहीं. ही कलेची स्पर्धा नव्हे. ही सोयरिकीची स्पर्धा आहे.

पुण्यास हा विषय नवा नाहीं. अठराव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत ह्याच शहरांत, पेशव्यांच्या संमतीनें, इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेट ह्यानें एक चित्रशाळा चालविली होती. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार तेथें पुण्यांतील माणसांस पाश्चात्य पद्धतीचें रेखन शिकवीत असे. त्या मंडळींत गंगाराम चिंतामण तांबट हा विलक्षण हाताचा चित्रकार होता. त्यानें वेरूळच्या लेण्यांचीं रेखाटनें केलीं; पेशव्यांच्या शिकारखान्यांतील गेंड्याचें चित्र काढलें. पुढें काय झालें? १७९५ सालीं सवाई माधवराव वारले. त्याच सालीं वेल्सही वारला. १७९७ सालीं मॅलेट पुणें सोडून गेला. तीन माणसें गेलीं आणि शाळा नाहींशी झाली. वेल्सच्या साहित्यावरून वेरूळचीं चित्रें पुढें लंडनमध्यें ग्रंथरूपानें छापून निघालीं आणि वाखाणलीं गेलीं. गंगारामाचीं रेखाटनें आज अमेरिकेंत येल विद्यापीठाच्या संग्रहांत जपून ठेविलेलीं आहेत. ज्या शहरानें त्यास जन्मास घातलें त्या शहरांत मात्र शंभर माणसांस विचारलें तर त्याचें नांव एकासही ठाऊक नसावें. हुन्नर होता, शिक्षण होतें, आश्रयही होता. परंतु तो आश्रय दोन-तीन व्यक्तींचा होता, शहराचा नव्हता. एका दारावर टांगलेली कला तें दार निखळलें कीं खालीं पडते.

ह्याच्या उलट उदाहरणही आमच्याच भूमींत आहे. कोल्हापुरास आनंदराव व बाबूराव पेंटर हे बंधू नाटकमंडळ्यांचे पडदे रंगवीत. त्यांच्या हाताखालीं विष्णुपंत दामले व साहेबमामा फत्तेलाल हे तयार झाले. ह्यांपैकीं कोणाजवळ कलाशाळेची मोठी पदवी नव्हती. पडदे रंगवितां रंगवितां ह्या मंडळींस चलच्चित्राचा ध्यास लागला. १९१६ सालीं आनंदराव वारले, तरी बाबूरावांनीं दामल्यांच्या साह्यानें कॅमेरा घरींच तयार केला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली. तेथून १९२९ सालीं 'प्रभात' निघाली. तिच्या पांच भागीदारांत दामले, फत्तेलाल, शांताराम व धायबर हे कसबी होते आणि पांचवे सीतारामपंत कुलकर्णी हे सराफ होते, ही गोष्ट आमच्या व्यापारी वाचकांनीं विशेष ध्यानांत ठेवावी. १९३३ सालीं 'प्रभात' पुण्यास आली. १९३६ सालीं दामले-फत्तेलाल ह्यांनीं 'संत तुकाराम' काढला आणि पुढच्याच वर्षीं व्हेनिसच्या चित्रपट-महोत्सवांत त्याचा गौरव झाला. पडदे रंगविणाऱ्या हातांस आपला खरा हेतु पडदे रंगवितांनाच सांपडला. आणि रंगारी, सुतार, यंत्र जाणणारा, नट, सराफ अशी माणसें एका ठिकाणीं आल्यामुळें तो सिद्धीस गेला.

मुंबईची गोष्टही अशीच आहे. १९४७ सालीं ज्या तरुणांनीं प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापिला, त्यांत हुसेन हे सिनेमाचे फलक रंगवीत असत आणि आरा ह्यांनीं घरगड्याचें काम करीत मोटारी धुतल्या होत्या. आमचे सदानंद बाकरे व हरी अंबादास गाडे हेही त्यांतच होते. ह्या मंडळींस पाठबळ कोणीं दिलें? हिटलरच्या राज्यांतून निघून मुंबईस आलेल्या तिघां परक्यांनीं. लँगहॅमर हे एका वर्तमानपत्राच्या कलाविभागाचे प्रमुख. त्यांनीं आपल्या घराचें दार ह्या तरुणांस उघडें ठेविलें. फॉन लायडेन ह्यांनीं त्यांच्या चित्रांवर लिहिलें. श्लेसिंजर हे औषधांचे कारखानदार. त्यांनीं चित्रें पैसे मोजून विकत घेतलीं. घर, लेखणी आणि थैली ह्या तीन वस्तु एकत्र आल्या, आणि देशाच्या चित्रकलेस नवें वळण लागलें. ह्या तिन्ही वस्तु पुण्यांत नाहींत असें कोण म्हणेल? येथें घरें आहेत, लेखण्या तर गरजेपेक्षां अधिक आहेत, आणि थैल्याही पूर्वींइतक्या हलक्या राहिलेल्या नाहींत.

ह्या तिन्ही उदाहरणांवरून आमचें मत असें ठरलें आहे कीं, ओळख ही खासगी मिळकत राहूं देतां कामा नये. ती सार्वजनिक सोय झाली पाहिजे. १८६८ सालीं जोतीराव फुल्यांनीं आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांस मोकळा केला, तेव्हां त्यांनीं पाणी नवें निर्माण केलें नव्हतें; असलेल्या पाण्यावरील कुलूप तेवढें काढलें. अस्पृश्यतेचा अन्याय आणि आमचा आजचा विषय हे एका मापाचे आहेत असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. परंतु धडा तोच आहे. कामें आहेत, काम करणारे हात आहेत. मधलें कुलूप काढावयाचें आहे.

ह्यावर तीन आक्षेप येतील. पहिला आक्षेप कलाप्रेमी विद्वानांचा. ते म्हणतील कीं, अशानें कला बाजाराची बटीक होईल. आम्ही नम्रपणें विचारतों: शि. द. फडणीस ह्यांनीं जे. जे. कलाशाळेंत उपयोजित कलेचें शिक्षण घेतलें, संपादक अंतरकरांच्या 'मोहिनी'चें १९५२ सालचें मुखपृष्ठ काढलें, पुढें गणिताच्या पाठ्यपुस्तकांत चित्रें काढून महाराष्ट्रांतील मुलांचें अंकांचें भय घालविलें. ह्यांत कला बटीक झाली कीं घरोघर पोंचली? दीनानाथ दलालांनीं दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवर आयुष्य वेंचलें आणि १९४५ सालीं स्वतःचें 'दीपावली' मासिकही काढलें. काम दुसऱ्यानें सांगितलें म्हणून कला हलकी होत नाहीं. काम हलक्या मनानें केलें म्हणजे होते.

दुसरा आक्षेप आजच्या काळाचा. हवें तें चित्र क्षणांत काढून देणारे संगणक आले, मग विद्यार्थ्यास पैसे कां द्यावे? यंत्राचें भय आम्हांसही आहे, तें आम्ही लपवीत नाहीं. परंतु रविवर्म्यांच्या शिळाछापखान्यांतून, पुढें आमच्या मळवलीहूनच, देवादिकांचीं रंगीत चित्रें घरोघर जाऊं लागलीं, तरी चित्रकार नाहींसे झाले नाहींत. यंत्रास सांगावें लागतें. आणि काय सांगावें, त्यानें पुढें केलेल्या दहांतून कोणतें टाकावें, हें कळण्यास शिकलेला डोळाच लागतो. शिवाय आपल्या दुकानासारखाच फलक शेजारच्या दुकानावर दिसावा असें कोणत्या व्यापाऱ्यास आवडेल?

तिसरा आक्षेप आमच्या व्यापारीबंधूंचा, आणि तोच सर्वांत मोठा. ते म्हणतात, 'आम्ही ह्या मुलांस संधि देतोंच कीं.' होय, देतात. परंतु कशी देतात तें पाहावें. लग्नाच्या मांडवाची सजावट, दुकानाच्या काचेवरील चित्र, दिवाळीचें भेटकार्ड, गणेशोत्सवाचा देखावा, हीं कामें पुष्कळ वेळां 'तुझें नांव होईल' एवढ्या आश्वासनावर करून घेतलीं जातात. सुतारास, वीजवाल्यास, मांडववाल्यास कोणी असें सांगत नाहीं. आणि मौजेची गोष्ट ही कीं, ज्या नांवाची लालूच दाखविली जाते तें नांव कामावर कोठेंच लिहिलेलें नसतें! दाम द्यावयास खर्च येतो हें आम्ही समजूं शकतों. परंतु नांव द्यावयास तर एक दमडी पडत नाहीं. १४८८ सालीं फ्लॉरेन्स शहरांत तेरा वर्षांचा मायकेलॅंजेलो घिर्लांदायो ह्या चित्रकाराकडे शिकावयास राहिला, तेव्हां त्याच्या बापाशीं झालेल्या करारांत गुरूनेंच शिष्यास तीन वर्षांत चोवीस फ्लॉरिन द्यावे असें ठरलें होतें. पांचशें वर्षांपूर्वींच्या व्यापारी शहरास जें कळलें तें विद्येच्या माहेरघरास कळूं नये काय?

आतां करावें काय, तें सांगतों.

व्यापाऱ्यांनीं आरंभीं दोनच नियम पाळावे: काम लहान असलें तरी ठरलेला मोबदला द्यावा, आणि कामावर करणाऱ्याचें नांव घालावें. करार दोन ओळींचा असला तरी लेखी असावा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणें मोबदला देऊन काढवून घेतलेल्या चित्राचा पहिला मालक, उलट करार नसल्यास, काम सांगणारा ठरतो. चित्रकाराकडे असलेला हक्क दुसऱ्यास द्यावयाचा झाल्यास तो लेखी व सहीनिशीं द्यावा लागतो आणि मुदत लिहिली नसल्यास ती पांच वर्षें धरली जाते. हक्क विकल्यावरही 'हें माझें काम' असें म्हणण्याचा कर्त्याचा अधिकार कायम राहतो. इतकें ज्ञान उभयपक्षीं असेल तर पुढची पुष्कळ कटकट टळेल. पुण्यांत १९३४ सालापासून मराठा चेंबर ऑफ कॉमर्स ही व्यापारी-उद्योजकांची जुनी संस्था आहे. तिच्यासारख्या संस्थांनीं आपल्या सभासदांकडील वर्षाच्या चित्रकामांची एक नोंदवही ठेवावी आणि ती सर्व कलाविद्यालयांच्या सूचनाफलकांवर लावावी. वशिल्याचें अर्धें बळ तेवढ्यानेंच जाईल.

विद्यालयांनीं विद्यार्थ्यास शेवटच्या वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत एक व्याख्यान ऐकवून मार्गदर्शन झालें असें मानूं नये. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षींच त्यास कांहीं आठवडे छापखान्यांत, मूर्तिशाळेंत, पाठ्यपुस्तकें तयार करणाऱ्या संस्थेंत, वस्तुसंग्रहालयांत, चलच्चित्रें काढणाऱ्यांकडे प्रत्यक्ष बसवावें, आणि त्या कामास परीक्षेंत गुण असावे. 'बालभारती' ह्याच शहरांत आहे. केळकर संग्रहालय ह्याच शहरांत आहे. 'प्रभात'च्या आवारांत १९६० सालापासून चित्रपटविद्येची राष्ट्रीय संस्था आहे. इतकें सान्निध्य देशांत थोड्याच शहरांस लाभलें असेल. तसेंच, तांबट आळींत अद्यापि हातोड्याचा आवाज येतो. परंतु शिल्पकलेचा पदविकाधारक त्या आळींत कधीं बसलेला नसतो आणि तेथील कारागिरास विद्यालयाच्या वर्गांत कोणी बोलावीत नाहीं. हाताचें काम तें हलकें आणि कागदावरचें तें श्रेष्ठ, हा आमच्या समाजाचा जुना रोग कलाशाळेंतही शिरला आहे. तो घालविणें हें सुधारणेचेंच एक अंग आहे. शिवाय कामाचा अंदाज कसा लिहावा, दर कसा सांगावा, बिल कसें करावें, हेंही शिकवावें. पैशाचें नांव काढतांना लाजणारा चित्रकार दुसऱ्याच्या लबाडीस निमंत्रण देतो.

गणेशोत्सव मंडळें हीं तर ह्या शहराचीं खरीं कलादालनें होत. १८९३-९४ च्या सुमारास उत्सवास सार्वजनिक रूप आलें, तेव्हांपासून जितक्या लोकांनीं मंडपांतील मूर्ति व देखावे पाहिले असतील, तितके लोक कोणत्याही दालनांत गेले नसतील. शिल्पकार डी. एस. खटावकर ह्यांनीं एकीकडे अभिनव कला महाविद्यालयांत शिकविलें आणि दुसरीकडे तुळशीबागेच्या गणपतीचे देखावे उभारले. विद्यालय आणि रस्ता ह्यांच्यामध्यें माणूस कसा पूल होऊं शकतो ह्याचें हें आमच्या डोळ्यांदेखतचें उदाहरण आहे. प्रत्येक मोठ्या मंडळानें दरवर्षीं दोन विद्यार्थी वेतनावर घ्यावे, त्यांत एक मुलगी असावी, आणि तिच्या रात्रीं घरीं पोंचण्याची व्यवस्था मंडळानें करावी. महापालिकेनें आपल्या कलादालनांत वर्षांतील कांहीं दिवस नव्या पदवीधरांसाठीं विनाभाडें राखून ठेवावे, आणि भिंती, उद्यानें, चौक ह्यांचीं कामें उघड स्पर्धेनें द्यावीं.

गृहस्थ वाचकांस आम्ही एवढेंच म्हणतों: वर्षांतून एकदां तरी मुलांस घेऊन विद्यालयाच्या प्रदर्शनास जा, आणि जमल्यास एक लहानसें चित्र विकत घ्या. भिंतीवरील छापील चित्राच्या किंमतींत विद्यार्थ्याचें मूळ चित्र कित्येकदां मिळतें. तुम्हांस एक चित्र मिळेल. त्यास, आपलें काम परक्या माणसास हवेंसें वाटलें, हा अनुभव मिळेल. पहिल्या विक्रीची ती नोट पुष्कळ कलावंत खर्च करीत नाहींत.

शेवटीं विद्यार्थ्यांस दोन शब्द. कोणी शोधीत येईल म्हणून बसूं नका. ज्याचें काम आवडतें त्याच्या दारीं आपलीं दहा उत्तम चित्रें घेऊन जा. नोकरी मागूं नका, त्याचें काम पाहूं द्या म्हणून विचारा. एकानें नाहीं म्हटलें तर दुसरीकडे जा. आपसांत हेवा धरूं नका. ज्या सोबत्यास आज तुम्ही काम सांगाल तोच उद्यां तुम्हांस सांगेल. आणि एकदां आंत पाऊल पडलें कीं दार आपल्यामागें लोटून घेऊं नका; मागून येणाऱ्यासाठीं तें उघडें ठेवा.

गंगाराम तांबटाचा आश्रय तीन माणसांबरोबर संपला. त्यास आतां दोनशें वर्षांहून अधिक काळ लोटला. ह्या वर्षींचें प्रदर्शन संपून खिळे उपटले जातील, तेव्हां चित्रें गुंडाळून गांवच्या गाडीकडे निघालेल्या विद्यार्थ्यांत त्याच्या तोलाचा एखादा हात नसेलच असें कोणी सांगावें? तो हात ह्या शहरांत राहील कीं नाहीं, हें त्याच्या एकट्याच्या नशिबावर सोडून आपण मोकळे होऊं नये, एवढीच आमची पुणेकरांस विनंती आहे.